अध्यक्षीय डिबेट कोण जिंकलं, हे ठरवतं कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. त्यामुळे दर चार वर्षांनी पुण्या-मुंबईत अमेरिकेची अध्यक्षीय डिबेट पहिल्या चहाबरोबर सुरू होते आणि शाळा-ऑफिसचे डबे भरेपर्यंत संपते. मग दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच विचारणा: जिंकलं कोण? न्यू जर्सीतला भाचा एक सांगतो, टेक्ससमधली मैत्रीण अगदी उलट. या पानावर उमेदवारांपेक्षा बघणाऱ्यांबद्दल जास्त लिहिलं आहे. मतदारांना डिबेट कशी वाटते, ते मोजतात कसं, आणि त्या वाटण्यातून पुढे खरंच काही घडतं का, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

डिबेटचा निकाल अधिकृतपणे कोण जाहीर करतं?

कोणीही नाही. शाळा-कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक असतात, तसं इथे काही नसतं. सूत्रसंचालक प्रश्न विचारतात, वेळ पाळायला लावतात आणि नव्वद मिनिटं झाली की नमस्कार करतात. ‘अमुक उमेदवाराने डिबेट जिंकली’ असं बातमीत वाचलंत, तर त्याचा अर्थ एवढाच की कुठल्या तरी चाचणीत बघणाऱ्यांपैकी जास्त लोकांनी तसं सांगितलं, किंवा स्टुडिओत बसलेल्या विश्लेषकांना तसं वाटलं. या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे आणि बातमी लिहिणारे ते दर वेळी स्पष्ट करतातच असं नाही.

डिबेट संपल्यावर अर्ध्या तासात चाचणीचे आकडे येतात कसे?

तयारी आधीच झालेली असते. उदाहरणार्थ, सीएनएनने २०२४ मध्ये आधीच्या सर्वेक्षणांत उत्तरं दिलेल्या नोंदणीकृत मतदारांना विचारून ठेवलं होतं: तुम्ही डिबेट बघणार आहात का, आणि संपल्यावर आम्ही मेसेज पाठवला तर उत्तर द्याल का? ‘हो’ म्हणणाऱ्यांना डिबेट संपताच प्रश्न पाठवले गेले. उत्तरं देणारे पाच-सहाशे लोक. एवढ्या लहान नमुन्यात पाच टक्क्यांच्या आसपास चूक धरावीच लागते. म्हणून ५१ विरुद्ध ४९ असा आकडा दिसला तर तो बरोबरीचाच समजावा.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. ही चाचणी देशातल्या सगळ्या मतदारांची नसते, फक्त डिबेट बघणाऱ्यांची असते. बघणाऱ्यांत एखाद्या पक्षाचे लोक थोडे जास्त असू शकतात. चाचणी घेणारे हे प्रामाणिकपणे लिहितातही, पण ती ओळ बातमीच्या तळाशी जाते आणि शीर्षकात फक्त टक्के उरतात.

वेबसाइटवर क्लिक करून घेतलेल्या मतदानाचं काय?

ते सोडून द्या. वधूपक्षाच्या पंगतीत जाऊन ‘जेवण कसं झालं?’ विचारण्यासारखं ते आहे. ज्याला हौस तो क्लिक करतो, एकदा नव्हे तर चारदा करतो. २०१६ च्या पहिल्या डिबेटनंतर ट्रम्प यांनी अशाच ऑनलाइन कौलांचे आकडे अभिमानाने दाखवले होते. त्याच रात्री सीएनएनच्या नमुना चाचणीत ६२ टक्के बघणाऱ्यांना हिलरी क्लिंटन सरस वाटल्या होत्या, ट्रम्प २७ टक्क्यांना.

हा प्रकार इंटरनेटने आणला असं मात्र नाही. २८ ऑक्टोबर १९८० ला क्लीव्हलँडमध्ये कार्टर आणि रेगन यांची डिबेट झाली, तेव्हा एबीसी वाहिनीने दोन फोन नंबर दिले: एक कार्टरसाठी, एक रेगनसाठी. कॉलला पन्नास सेंट. सुमारे सात लाख लोकांनी पैसे मोजून फोन फिरवले आणि रेगन दोनास एक अशा फरकाने पुढे आले. कोणी फोन केला, किती वेळा केला, मतदार होता की नव्हता, कशालाच धरबंध नव्हता. टीका पुष्कळ झाली. तरी दुसऱ्या दिवशी तो आकडा सगळीकडे छापून आलाच. सात लाख हा आकडा पाचशेपेक्षा भारदस्त दिसतो, पण नीट निवडलेले पाचशे त्या सात लाखांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी.’ हे खरं आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकांपासून व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून जरा सविस्तर.

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत सीबीएस वाहिनीच्या स्टुडिओत अध्यक्षपदाच्या दोन प्रमुख उमेदवारांची पहिली टीव्ही डिबेट झाली. साडेसहा कोटींहून जास्त लोकांनी ती पाहिली. तोवर अमेरिकेत दर दहापैकी जवळपास नऊ घरांत टीव्ही आला होता. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठले होते. प्रचारात गाडीच्या दारावर गुडघा आपटला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि ऑगस्टच्या शेवटी ते इस्पितळात पडून होते. वजन उतरलं होतं, सदऱ्याची कॉलर सैल दिसत होती. त्यांनी नीट मेकअप करून घेतला नाही, दाढीची निळसर झाक लपवायला वरवर पावडरीसारखं काहीतरी लावलं, आणि दिव्यांच्या उष्णतेत घाम फुटला. त्यांचा फिकट राखाडी सूट कृष्णधवल पडद्यावर मागच्या भिंतीत मिसळून गेला. केनेडी कॅलिफोर्नियाच्या उन्हात प्रचार करून आलेले, अंगावर गडद सूट, आणि बोलताना नजर थेट कॅमेऱ्यात. इथवर सगळं पक्कं आहे.

रेडिओचा भाग मात्र डळमळीत आहे. त्याचा मुख्य आधार म्हणजे सिंडलिंगर नावाच्या बाजार-संशोधन कंपनीची एक चाचणी. तिच्या नमुन्यात रेडिओ ऐकणारे तीनशेही नव्हते आणि त्यांतल्या सगळ्यांनी कोणाची बाजू घेतली असंही नाही. शिवाय १९६० मध्ये टीव्ही सोडून रेडिओवर डिबेट ऐकणारा माणूस कोण असेल? बराचसा ग्रामीण भागातला, बराचसा प्रॉटेस्टंट. केनेडी कॅथलिक होते आणि तेव्हा तो मोठा प्रश्न होता. म्हणजे या मंडळींचा कल डिबेटच्या आधीपासूनच निक्सनकडे असू शकतो. व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन अभ्यासकांनी १९८७ मध्ये या त्रुटी नीट मांडल्या आणि त्यानंतर अभ्यासक या गोष्टीकडे संशयानेच बघू लागले.

गंमत अशी की गोष्ट पूर्ण खोटीही ठरली नाही. जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्या डिबेटबद्दल फारसं काही माहीत नसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चित्रफीत दाखवली आणि काहींना फक्त आवाज ऐकवला. चित्र बघणाऱ्यांनी केनेडींना जास्त कौल दिला. म्हणजे चित्राचा परिणाम होतो हे खरं, पण त्या रात्री नेमकं तेच घडलं याचा पुरावा कच्चा आहे. आणि ‘निक्सन घामामुळे निवडणूक हरले’ हे तर फारच ओढूनताणून आहे. त्या वर्षी आणखी तीन डिबेट झाल्या आणि त्यांत निक्सन सावरलेले होते. देशभरात दोघांतला फरक एक लाख तेरा हजारांच्या आसपास मतांचा होता. एवढ्या निसटत्या निकालाला कुठलंही कारण चिकटवता येतं.

त्या रात्री लोकांना एक वाटतं आणि दोन दिवसांनी दुसरंच. असं होतं का?

होतं, आणि डिबेटबद्दल समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट माझ्या मते हीच आहे. प्रतिक्रिया त्या नव्वद मिनिटांत पुरी तयार होत नाही. ती पुढचे दोन-तीन दिवस शिजत राहते.

६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही आणि आपल्या कारकिर्दीत ते कधी असणारही नाही. प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल इतके चक्रावले की त्यांनी पुन्हा विचारलं. फोर्ड यांनी तेच जास्त ठासून सांगितलं. आता बघा: त्या रात्री लगेच फोन करून विचारलेल्या मतदारांत फोर्डच पुढे होते! बहुतेकांना ती चूक जाणवलीच नव्हती किंवा महत्त्वाची वाटली नव्हती. रात्रीच्या बातम्यांत आणि सकाळच्या वर्तमानपत्रांत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत चित्र पालटलं. कार्टर मोठ्या फरकाने जिंकले, असं मतदार सांगू लागले. फोर्ड यांनी नीट खुलासा करायला जवळपास आठवडा घेतला. तोवर पोलिश आणि पूर्व युरोपीय वंशाच्या मतदारांत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

२००० सालीही हेच. ३ ऑक्टोबरला बोस्टनमध्ये बुश बोलत असताना अल गोर मोठमोठे उसासे टाकत होते. त्या रात्रीच्या चाचण्यांत गोर थोडे पुढेच होते. मग वाहिन्यांनी उसासे एकापुढे एक जोडून दाखवले, विनोदी कार्यक्रमांत नकला झाल्या, आणि ज्यांनी पूर्ण डिबेट पाहिली त्यांच्याही आठवणीत शेवटी उसासेच उरले. गोर यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना ती नक्कल मुद्दाम बसून बघायला लावली. पुढच्या डिबेटमध्ये ते इतके सौम्य झाले की आता हे भित्रे वाटतात, अशी टीका झाली.

२००४ मध्ये ॲरिझोनात बुश-केरी डिबेट झाली, तेव्हा तिथल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. काही जणांना नुसती डिबेट दाखवली, काहींना त्यानंतरचं वाहिनीवरचं विश्लेषणही दाखवलं. नुसती डिबेट बघणाऱ्यांचा कल केरींकडे गेला आणि विश्लेषणासह बघणाऱ्यांचा बुश यांच्याकडे. डिबेट तीच, माणसंही तशीच. मध्ये फक्त काही मिनिटांची बडबड आली.

उमेदवारांचे लोक हे पक्कं ओळखून असतात. म्हणून डिबेट संपताच शेजारच्या दालनात दोन्ही बाजूंचे प्रवक्ते पत्रकारांना गाठून ‘आमचाच माणूस कसा जिंकला’ हे सांगायला सुरुवात करतात. काही जण तर डिबेट चालू असतानाच सुरू करतात.

लोक मुद्दे ऐकतात की माणूस बघतात?

दोन्ही, पण सारख्या प्रमाणात नाही. ज्याला करांचं धोरण किंवा आरोग्यविमा आधीपासून कळतो, तो मुद्दे ऐकतो. आणि त्याचं मत बहुधा आधीच ठरलेलं असतं. बाकीच्यांना प्रश्न पडतो तो असा की हा माणूस चार वर्षं आपल्या दिवाणखान्यात दिसत राहणार, तो चालेल का?

१३ ऑक्टोबर १९८८ ला लॉस एंजेलिसमध्ये सूत्रसंचालक बर्नार्ड शॉ यांनी पहिलाच प्रश्न डेमोक्रॅट उमेदवार मायकल डुकाकिस यांना असा विचारला: तुमच्या पत्नीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तर खुन्याला फाशी द्यावी असं तुम्ही म्हणाल का? प्रश्न अतिशय क्रूर होता, याबद्दल दुमत नसावं. डुकाकिस यांनी ‘नाही’ म्हणून फाशीविरोधातली आपली भूमिका आकडेवारीच्या सुरात मांडली. त्यांचं उत्तर सुसंगत होतं. पण नवऱ्याचा आवाज त्यात कुठे ऐकू आला नाही, आणि बघणाऱ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

१९९२ मध्ये रिचमंडला पहिल्यांदा साध्या मतदारांना गोल बसवून त्यांच्याकडून प्रश्न घेतले. थोरले बुश चर्चेच्या मध्येच मनगटावरचं घड्याळ बघताना कॅमेऱ्यात सापडले. देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी लागली, या एका बाईच्या प्रश्नावर त्यांना नीट उत्तर सुचलं नाही. बिल क्लिंटन मात्र तिच्यासमोर चालत गेले, तिच्या ओळखीतल्या कोणाची नोकरी गेली का, हे विचारत बोलले. कर्जाचं गणित दोघांनीही सोडवलं नव्हतं. बुश यांनी नंतर एका मुलाखतीत कबूल केलं की घड्याळ बघताना, हे कधी एकदा संपतंय, असंच मनात होतं. मतदारांनी ते बरोबर वाचलं होतं म्हणायचं.

आणि कधीकधी लोक नुसते वैतागतात. २९ सप्टेंबर २०२० ला ट्रम्प-बायडन डिबेट म्हणजे एकमेकांना तोडत केलेली दीड तासाची आरडाओरड होती. सीबीएसच्या चाचणीत ६९ टक्के बघणाऱ्यांनी ‘वैताग आला’ असं सांगितलं. पुढच्या डिबेटला उमेदवारांचे माइक काही वेळ बंद ठेवायची व्यवस्था त्यातूनच आली.

टीव्हीच्या पडद्यावर तळाशी वर-खाली होणारी रेषा असते, ती काय सांगते?

एका खोलीत तीस-चाळीस, फार तर शंभर मतदार बसवलेले असतात. प्रत्येकाच्या हातात एक फिरवायचं बटण. बोलणं आवडलं की एका बाजूला, नाही आवडलं की दुसऱ्या बाजूला. त्यांची सरासरी म्हणजे ती रेषा. मूळ कल्पना जुनी आहे. १९३० च्या दशकात लाझार्सफेल्ड आणि स्टँटन यांनी रेडिओ कार्यक्रमांसाठी लाल-हिरव्या बटणांचं असं यंत्र बनवलं होतं.

रेषा बघायला मजा येते, पण ती बघणाऱ्याला ढकलते. २०१० च्या ब्रिटिश निवडणुकीत तिथे तिसरी डिबेट चालू असताना संशोधकांनी सुमारे दीडशे जणांना बनावट रेषा दाखवली. एका गटाला तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकणारी, दुसऱ्याला लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग यांच्या. प्रत्येक गटाला आपापल्या रेषेतला माणूसच सरस वाटू लागला. मला विचाराल तर चालू डिबेटवर अशी रेषा दाखवूच नये.

कुंपणावरचे मतदार डिबेट बघूनच ठरवतात ना?

कुंपणावरचे मतदार बहुतेक वेळा डिबेट बघतच नाहीत! ज्याला राजकारणात रस, तो बघतो. ज्याला रस, त्याचा पक्ष ठरलेला असतो. काठावरचा माणूस त्या वेळी मुलांना झोपवत असतो, रात्रपाळीला असतो किंवा दुसऱ्या वाहिनीवर फुटबॉल बघतो. डिबेट त्याच्यापर्यंत पोचते ती दुसऱ्या दिवशी, वीस सेकंदांच्या तुकड्यांतून.

२०२४ च्या दोन्ही डिबेटनंतर सीएनएनने विचारलं की यामुळे तुमचं मत बदललं का? दर पाचपैकी चार जण म्हणाले, काही परिणाम नाही. काही जणांनी पुन्हा विचार केला, पण मत तेच ठेवलं. मत बदललं म्हणणारे शंभरात चार-पाच.

म्हणजे डिबेट जिंकून निवडणूक जिंकता येत नाही?

उदाहरणंच बघा. २००४ मध्ये गॅलप या चाचणी संस्थेच्या पाहणीत केरी तिन्ही डिबेटमध्ये पुढे, निवडणूक बुश यांनी जिंकली. २०१२ मध्ये डेन्व्हरच्या पहिल्या डिबेटनंतर गॅलपच्या चाचणीत ७२ टक्क्यांना रॉम्नी सरस वाटले आणि फक्त २० टक्क्यांना ओबामा. अध्यक्ष ओबामाच झाले. २०१६ मध्ये सीएनएनच्या हिशोबाने हिलरी क्लिंटन तीनपैकी तीन, अध्यक्ष ट्रम्प झाले. १० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात हॅरिस यांना ६३ टक्के, ट्रम्प यांना ३७. आणि नोव्हेंबरात ट्रम्प राज्याराज्यांतून निवडल्या जाणाऱ्या प्रतिनिधींच्या ३१२ विरुद्ध २२६ मतांनी निवडून आले.

कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९५२ पासूनच्या दहा देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. डिबेटच्या आधी आणि नंतर विचारलेल्या मतदारांच्या पसंतीत दखल घ्यावी असा फरक त्यांना आढळला नाही.

अपवाद म्हणून १९८० चं नाव घेतलं जातं. मतदानाला जेमतेम आठवडा होता, कार्टर-रेगन डिबेट एकच झाली, आठ कोटी लोकांनी पाहिली. शेवटी रेगन यांनी मतदारांनाच विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का? महागाई प्रचंड, इराणमध्ये अमेरिकी ओलीस अडकलेले. लोक कार्टरना कंटाळलेच होते, फक्त रेगन यांच्या हाती देश सोपवायला धजत नव्हते. ती भीती त्या रात्री कमी झाली असावी. पण नाराजी डिबेटने निर्माण केली नव्हती.

मग डिबेटनंतर चाचण्यांचे आकडे इतकी उडी का मारतात?

कधीकधी मतं हलत नाहीत, उत्तर देणारे हलतात. २०१२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून तीन लाखांहून जास्त लोकांची रोजची मतं गोळा केली. डेन्व्हरनंतर इतर चाचण्यांत ओबामा कोसळल्यासारखे दिसत होते. यांनी उत्तर देणाऱ्यांचा पक्ष लक्षात घेऊन हिशोब मांडला, तर बरीचशी घसरण नाहीशी झाली. झालं एवढंच होतं की आपला माणूस पडला म्हणून खट्टू झालेले डेमोक्रॅट मतदार त्या आठवड्यात चाचणीला उत्तरंच देत नव्हते, आणि रिपब्लिकन मात्र उत्साहाने देत होते. भारत सामना हरल्यावर आपण क्रिकेटच्या बातम्या वाचत नाही, हे ज्यांना पटतं त्यांना हेही पटेल.

डिबेटचा परिणाम होत नाही, मग जून २०२४ मध्ये बायडन बाहेर कसे पडले?

हा खरा कसोटीचा प्रश्न. २७ जूनला अटलांटात सीएनएनच्या स्टुडिओत, प्रेक्षकांविना, ट्रम्प आणि बायडन समोरासमोर आले. इतक्या लवकर, पक्षांची अधिवेशनं होण्याच्याही आधी, डिबेट कधी झाली नव्हती. बायडन ८१ वर्षांचे, आवाज घोगरा, वाक्यं मध्येच तुटत होती. एका उत्तराचा शेवट तर ‘आम्ही शेवटी मेडिकेअरला हरवलं’ असा झाला. मेडिकेअर म्हणजे वृद्धांची सरकारी आरोग्यविमा योजना; ती वाचवण्याचं श्रेय त्यांचाच पक्ष घेतो. पाच कोटींहून जास्त लोक बघत होते. बघणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांनी ट्रम्प सरस म्हटलं.

आता सर्वसाधारण मतदारांचं बघा. बायडन यांची मानसिक क्षमता अध्यक्षपदाला पुरेशी नाही, असं जूनच्या सुरुवातीला सीबीएसच्या चाचणीत ६५ टक्के लोक म्हणत होते; डिबेटनंतर ७२ टक्के. वाढ झाली, पण बहुतेकांना ते आधीच दिसत होतं. ट्रम्प यांची आघाडीही थोडक्याच टक्क्यांनी वाढली.

हादरले ते बायडन यांचे स्वतःचे लोक. इतके महिने जे ‘विरोधकांचा अपप्रचार आहे’ म्हणत होते, त्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादक मंडळाने त्यांना माघार घ्यायला सांगितलं. २ जुलैला टेक्ससचे डेमोक्रॅट खासदार लॉइड डॉगेट यांनी तेच जाहीरपणे म्हटलं, मग इतरही बोलू लागले. देणगीदारांनी हात आखडते घेतले. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली.

माझं निरीक्षण असं की डिबेटचा खरा प्रेक्षक विरोधी मतदार नसतो आणि काठावरचाही नसतो. तो आपल्याच पक्षाचा असतो: दारोदार फिरणारा कार्यकर्ता, देणगीदार, पुन्हा निवडून येण्याची चिंता असलेला स्थानिक खासदार. १९८४ मध्ये ७३ वर्षांचे रेगन पहिल्या डिबेटमध्ये अडखळले, तेव्हाही धास्ती रिपब्लिकनांनाच होती. दुसऱ्या डिबेटमध्ये वयाचा प्रश्न आला, तेव्हा रेगन म्हणाले की प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा घेणार नाही. छप्पन वर्षांचे मॉण्डेलसुद्धा हसले. त्या एका विनोदाने आपल्या माणसांचा जीव भांड्यात पडला. रेगन यांनी पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकली.

तिसऱ्या उमेदवाराला डिबेटचा फायदा होतो का?

सगळ्यात जास्त त्यालाच होतो, कारण लोकांनी त्याला आधी फारसं पाहिलेलं नसतं. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो तिन्ही डिबेटमध्ये होते आणि त्यांना १९ टक्क्यांच्या जवळपास मतं पडली. २००० पासून राष्ट्रीय चाचण्यांत १५ टक्के पाठिंबा असल्याशिवाय मंचावर घ्यायचं नाही असा नियम झाला. त्यानंतर अंतिम निवडणुकीच्या डिबेटमध्ये तिसरा माणूस दिसलेला नाही.

उपाध्यक्षपदाच्या डिबेटचं काय?

करमणूक जास्त. १९८८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार डॅन क्वेल यांनी आपला अनुभव केनेडींच्या बरोबरीचा असल्याचं म्हटलं. डेमोक्रॅट लॉइड बेंटसन यांनी ‘केनेडी माझे मित्र होते आणि तुम्ही केनेडी नाही’ असं ऐकवलं. टाळ्या अजून संपलेल्या नाहीत, पण उपाध्यक्ष क्वेलच झाले. २०२० च्या हॅरिस-पेन्स डिबेटमधून लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर पेन्स यांच्या केसांवर बसलेली माशी.

अमेरिकेतले मराठी लोक डिबेटकडे कसे बघतात?

आवडीने बघतात, हिरिरीने भांडतात. पण एक लक्षात घ्या: मत फक्त नागरिकांना देता येतं. एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर असलेल्यांना ते नाही. तेव्हा तुमच्या ग्रुपवर सगळ्यात तावातावाने लिहिणारा कदाचित मतदारच नसेल. शिवाय कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीचा कौल बहुतेक आधीच ठाऊक असतो. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया अशा मोजक्या राज्यांत काय वाटतं यावर निकाल ठरतो, आणि तिथे आपली माणसं आहेत पण तुलनेने कमी. मिशिगनचं नाव निघालंच तर, डेट्रॉइट भागातून २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेलेले श्री ठाणेदार हे बेळगावकडचे मराठी भाषक.

एका भाच्याच्या मेसेजवरून ‘भारतीयांची प्रतिक्रिया’ ठरवू नका, एवढंच.

आपल्याकडे अशी डिबेट का होत नाही?

आपण पंतप्रधान थेट निवडत नाही, खासदार निवडतो, हे नेहमीचं उत्तर. ते पुरेसं नाही, कारण ब्रिटनमध्येही संसदीय पद्धत आहे आणि तिथे २०१० पासून डिबेट होतात. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, मूळचे सोलापूरचे माजी न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादचर्चेचं निमंत्रण दिलं होतं. गांधींनी होकार कळवला, चर्चा झाली नाही. सध्या तरी ‘अध्यक्षीय डिबेट’ ऐकायची तर जेएनयूच्या विद्यार्थी निवडणुकीला जावं लागतं, आणि तिथल्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेपुढे अमेरिकी मतदार फारच शांत वाटतील.

२०२८ मध्ये डिबेट नक्की होतील का?

होतील असं धरून चालू नये. डिबेट घ्यावी असा कुठलाही कायदा नाही. १९६० नंतर १९६४, १९६८ आणि १९७२ या तीन निवडणुकांत एकही झाली नाही. आधी जॉन्सन यांना गरज वाटली नाही, मग निक्सन यांना हौस उरली नव्हती. पुढे महिला मतदार संघटनेने त्या भरवल्या. १९८८ मध्ये दोन्ही प्रचारयंत्रणांनी अटी लादल्या, तेव्हा ‘ही मतदारांची फसवणूक आहे’ म्हणत संघटनेने अंग काढून घेतलं. मग दोन्ही पक्षांच्या पुढाकाराने बनलेल्या आयोगाने २०२० पर्यंत काम पाहिलं. २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्या आयोगाशी संबंध तोडले आणि २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी त्याला वगळून थेट वाहिन्यांशी तारखा ठरवल्या. पुढच्या वेळी कोण भरवणार, किती, कुठल्या नियमांनी, हे उमेदवार ठरल्यावर त्यांच्या माणसांच्या वाटाघाटीतच कळेल.